तांड्यावरच्या शाळेत गोष्टीची पुस्तकं आणि डिजिटल मजकूर: सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यात तांड्यावरची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून ३८ मुलं, घरची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली. निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. शाळेत एक स्मार्ट टीव्ही, तुमचा मोबाईल, आणि कपाटात दीडशेच्या आसपास पुस्तकं. वेगवेगळ्या प्रकारचं बालसाहित्य आणि डिजिटल साहित्य वर्गात वापरा, असं प्रशिक्षणात सांगितलं. पण सोमवारी सकाळी वर्गात नेमकं काय करायचं, ते कळलं नाही.

टीव्हीवर गोष्टीचा व्हिडिओ लावला की मुलं शांत बसतात आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण त्यात मुलानं एकही अक्षर वाचलेलं नसतं. तुमच्यासारख्या शाळेत डिजिटल मजकुराचा सगळ्यात मोठा उपयोग तो कागदावर उतरवण्यात आहे. मुक्त परवान्याची गोष्ट छापता येते, तिची भाषा बदलता येते, वाक्यं सोपी करता येतात, हरवली तर पुन्हा काढता येते. हे छापील पुस्तकाबाबत शक्य नसतं. टीव्ही त्यानंतर येतो.

आधी कपाट रिकामं करा. अक्षरशः सगळी पुस्तकं सतरंजीवर मांडा आणि तिसरी-चौथीच्या मुलांना मदतीला घ्या. एका तासाचं काम आहे. प्रत्येक पुस्तक उघडून चार गोष्टी बघायच्या: गोष्ट कुणाची आहे, ती कुठे घडते, घरातली माणसं पोटासाठी काय करतात, आणि अडचण कोण सोडवतं. बहुतेक शाळांमध्ये उत्तर ठरलेलं निघतं. राजा, ससा, परी, शहरातल्या इमारतीतला मुलगा आणि त्याचा वाढदिवस. मुलींच्या गोष्टी कमी, आणि त्यातही मुलगी आईला मदत करणारी. हातानं काम करणारे आईबाप जवळपास नाहीतच. असले तर दया दाखवण्यापुरते. मुसलमान घर, अपंग मूल, एकटी आई यांचीही तीच गत. बंजारा मूल भेटलंच तर आरशांचा घागरा घालून नाचताना भेटतं. जुन्या काही पुस्तकांत भटक्या-विमुक्त जमातींची नावं चोर किंवा फसवा या अर्थानं येतात. अशी पुस्तकं मुलांच्या हातून काढून घ्या, त्याबद्दल हळहळू नका.

याचा अर्थ सगळी पुस्तकं तांड्याचीच हवीत असा नाही. समुद्र, लडाख, मुंबईची लोकल, दुसऱ्या देशातली शाळा हे सगळं तुमच्या मुलांना हवं. मी ढोबळ मानानं असं बघते: दर तीन पुस्तकांमागे एकात मुलाला आपल्या घरासारखं, कामासारखं किंवा बोलण्यासारखं काही सापडलं पाहिजे. उरलेली दोन कितीही लांबची असोत. आणि एक पथ्य कडक पाळा. ऊसतोड करणाऱ्या घराची गोष्ट वाचताना कुठल्याही मुलाकडे बोट दाखवून ‘हे बघ, तुझ्यासारखं’ म्हणायचं नाही. मूल आक्रसून जातं. ओळख पटायची असेल तर त्याची त्याला पटते, आणि चार दिवसांनी ते स्वतःहून बोलतं.

प्रकारांकडेही बघा. गोष्टींखेरीज शब्द नसलेली चित्रपुस्तकं, पानावर एकच ओळ असलेली, तेच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी, माहितीची, कवितांची, कोड्यांची, आणि मासिकं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. तिसरी-चौथीसाठी तो खजिना आहे. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (सुरुवात २०१५) मराठीतल्या पुष्कळ गोष्टी फुकट आहेत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५,००० रुपयांपर्यंतची तरतूद असते. पुष्कळदा त्यातून थेट पुस्तकंच येतात, पण यादी सुचवायची संधी मिळाली तर वरच्या चार प्रश्नांची उत्तरं हाताशी असू द्या. ‘आमच्याकडे माहितीची पुस्तकं ६ आणि मुलगी नायिका असलेली ४’ असं नेमकं सांगता आलं की मागणीला वजन येतं.

आणि कागदाचे जे तुकडे पुस्तक नसतात तेही मजकूरच आहेत: एसटीचं तिकीट, औषधाच्या पाकिटावरची सूचना, बियाण्याची पिशवी, कारखान्यावरची उसाच्या वजनाची पावती. ती पावती तर तुमच्या चौथीतल्या मुलाला आपल्यापेक्षा चांगली समजते. टनाचा आकडा, गाडीचा नंबर, तारीख त्याला शोधायला लावा. जे मूल पाठ्यपुस्तकासमोर गप्प बसतं ते इथे वर्गाला समजावून सांगतं.

आता पातळ्यांबद्दल. स्टोरीवीव्हरवर गोष्टींना १ ते ४ असे आकडे असतात. ते इयत्तेचे नाहीत. साधारणपणे पहिल्या पातळीत २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १,५०० पर्यंत आणि चौथीत त्याहून मोठी गोष्ट असते. चौथीतलं मूल पातळी १ वाचत असेल तर ते अगदी ठीक आहे, त्याला पातळी १ च द्या. पण शब्दसंख्येवर पूर्ण भरवसा ठेवू नका. मराठीत मूल अडतं ते तीन ठिकाणी: जोडाक्षरं, प्रत्ययांनी लांबलेले शब्द (‘झाडाखालच्यांना’), आणि लांब वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद. म्हणून साधी चाचणी करा. पन्नासएक शब्दांचं पान मुलाला मोठ्यानं वाचू द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपा. एक-दोन बोटं मुडपली तर ते पुस्तक त्याचं त्याला वाचू द्या. तीन-चार असतील तर जोडीनं वाचायला द्या. पाच झाली तर ते तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक. ‘वाचून दाखवायचं’ म्हणजे कमी दर्जाचं नव्हे. रोज एक पुस्तक मुलांच्या कुवतीच्या वरचं वाचून दाखवायलाच हवं, कारण पुस्तकी मराठीची वाक्यरचना या मुलांच्या कानावर दुसरीकडे कुठेही पडत नाही.

डिजिटल मजकुराची एक अडचण सहसा लक्षात येत नाही. मराठी मजकूर पुष्कळदा हिंदी वळणाच्या टंकात (फॉन्टमध्ये) येतो आणि त्यात ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिसतात. पाठ्यपुस्तकात मूल पाकळीचा ल आणि देठाचा श शिकलेलं असतं (राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात हीच रूपं मराठीसाठी ठरवली आहेत), आणि पडद्यावर भलतंच अक्षर दिसतं. पहिली-दुसरीतलं मूल तिथे थबकतं आणि आपल्याला वाटतं त्याला वाचता येत नाही. छापण्याआधी टंक बदलता आला तर बदला. नाहीतर फळ्यावर दोन्ही रूपं शेजारी लिहून ‘हे दोन्ही एकच’ असं आधी सांगा. दुसरी अडचण यंत्राकडून केलेल्या भाषांतराची. त्यात मांजर ‘तो’ होतं, आणि हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत तशीच राहून मुलाला शाळेत मार बसवते. कुठलीही डिजिटल गोष्ट वर्गात न्यायच्या आधी स्वतः एकदा मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य दुरुस्त करा.

एका गोष्टीवर आठवडाभर काम कसं करायचं ते आता सविस्तर सांगते. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली घेऊ, भोपळ्यातली म्हातारी. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा आणि वाघ अडवतात, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा’ असं ती सांगते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. हीच म्हातारी बंगालमध्ये आहे आणि इराणमध्येही आहे. बंगालीत ती नातीकडे जाते, दुधीसारख्या ‘लाऊ’त बसून येते आणि पोहे-चिंच खात असल्याचं गाणं म्हणते. इराणी गोष्टीत लांडगा, बिबट्या आणि सिंह आहेत. आपला भोपळा ‘टुणुक टुणुक’ जातो, बंगाली लाऊ ‘गडगड’ जातो, आणि इराणचा भोपळा ‘घेल घेल’ घरंगळतो.

सोमवारी मराठी गोष्ट वाचून दाखवा, पुस्तक मुलांकडे वळवून, चित्रांवर थांबत. मध्ये एकदाच विचारा: आता म्हातारी काय करेल? मंगळवारी ‘लेकीकडे जाईन’ या ओळी मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. अक्षर दोन इंच उंच असावं. पहिलीची मुलं काठीनं शब्द दाखवत म्हणतील. त्यांना ओळी पाठ असतात, त्यामुळे तोंडातला शब्द आणि काठीखालचा शब्द जुळवणं हेच त्यांचं वाचन. काठी पुढे पळाली आणि शब्द मागे राहिला की ती स्वतःच थांबतात, आणि तोच शिकण्याचा क्षण असतो. तिथे घाईनं सांगू नका. दुसरीला त्याच ओळींच्या शब्दपट्ट्या द्या, त्या उलटसुलट करून परत लावायच्या. बुधवारी बंगाली आणि इराणी रूप तुमच्या शब्दांत सांगा, प्रत्येकी पाच मिनिटं. नकाशावर बंगाल आणि इराण दाखवा. तिसरी-चौथीनं फळ्यावर तक्ता भरायचा: कुणाकडे निघाली, कुणी अडवलं, कशात बसली, काय खाल्लं, आवाज कोणता. ‘सगळीकडे सारखं काय आहे?’ हा प्रश्न इथे आपोआप येतो, तो मुलांकडूनच येऊ द्या.

गुरुवारी तांड्याची गोष्ट. आपली म्हातारी कुठून कुठे जाईल, वाटेत कोण भेटेल, ती काय खाऊन जाड होईल, कशात लपेल? उसाच्या फडावर गेलेली मुलं बिबट्याचं नाव घेतीलच. म्हातारी बाटी खाऊन जाड होईल, कदाचित पाण्याच्या ड्रममध्ये बसेल. मुलं गोरमाटीत सांगतील, सांगू द्या. तुमच्या मोबाईलवर आवाज मुद्रित करून ठेवा. शुक्रवारी ती गोष्ट आठ पानांत बसवा: पहिलं पान नाव आणि चित्र, शेवटचं पान गोष्ट कुणी रचली त्या मुलांची नावं, मधल्या सहा पानांवर प्रत्येकी एक-दोन वाक्यं. चित्रं काळ्या पेननं काढायला लावा, पेन्सिलीची झेरॉक्स फिकी येते. मोबाईलवर स्कॅन करून पीडीएफ केलीत की तुमच्या वर्गाचं पहिलं डिजिटल पुस्तक तयार झालं.

या सगळ्यात एक प्रश्न मुद्दाम टाळा: ‘या गोष्टीचं तात्पर्य काय?’ तो विचारला की मुलं गोष्टीतून बाहेर पडतात आणि गुरुजींना काय हवंय ते शोधू लागतात. त्याऐवजी विचारा: तुला कुठे खोटं वाटलं? म्हातारीनं दुसरं काय करायला हवं होतं? कोणतं चित्र पुन्हा बघावंसं वाटतं?

गोरमाटीच्या बाबतीत एक नेहमीची चूक होते. दोन भाषांचं पुस्तक करताना वर गोरमाटी, खाली मराठी असं लिहिलं जातं, ते बरोबरच आहे. पण वाचताना एक वाक्य गोरमाटीत, लगेच मराठीत असं वाचलं जातं. मुलं हुशार असतात. आपल्या भाषेतलं वाक्य येणारच आहे हे कळलं की मराठी वाक्याकडे कान बंद करून घेतात. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण गोष्ट गोरमाटीत, दुसऱ्या दिवशी पूर्ण मराठीत, आणि तिसऱ्या दिवशी मुलांना दोन्हींत ताडून बघू द्या. गोरमाटी देवनागरीत लिहिताना तांड्यात बोलतात तसंच लिहा. ‘याडी’ला ‘आई’ करू नका, वाक्याच्या शेवटचा ‘छ’ मराठीच्या वळणानं बदलू नका. एकाच शब्दाची दोन लेखनं निघाली तर वर्गानं मिळून एक ठरवायचं आणि भिंतीवर लिहून ठेवायचं. तुम्हाला गोरमाटी येत नसेल तर चौथीतली मुलं आणि तांड्यातली एखादी आजी तपासणीला बोलवा. होळीची लेंगी गीतं, तीजेची गाणी त्यांच्याकडूनच मिळतील, आणि ज्या बाईला कधी शाळेच्या आत यायचं कारण मिळालं नाही तिला ते मिळेल. मराठी मागे पडेल अशी भीती बाळगू नका. मूल वाचायला एकदाच शिकतं; जी भाषा समजते तिच्यात अक्षर आणि अर्थ यांचा सांधा जुळला की तीच लिपी मराठीतही चालते.

छपाईत पैसे आणि मन दोन्ही वाया जातात, म्हणून हा भाग बारकाईनं वाचा. ए-४ कागद मधोमध घडी घातला की चार पानं होतात, म्हणजे ८ पानांच्या पुस्तिकेला २ कागद, १६ पानांना ४. पानांची संख्या चारनं भागली जायला हवी. जात नसेल तर शेवटी ‘माझं चित्र’ म्हणून कोरं पान ठेवा. प्रिंट देताना ‘बुकलेट’ हा पर्याय आणि दोन्ही बाजूंना छपाईत ‘शॉर्ट एज’ निवडा. ‘लाँग एज’ राहिलं तर मागची पानं उलटी येतात. आधी एकच प्रत काढून घडी घालून बघा, मग बाकीच्या. चित्रपुस्तकाचं पान आडवं असेल तर बुकलेटमध्ये ते फार लहान होतं, अक्षर डोळ्याजवळ धरावं लागतं. अशा वेळी ए-४ च्या एका कागदावर दोन पानं वर-खाली छापून कापा आणि डाव्या कडेनं शिवा. पहिली-दुसरीसाठी अक्षर १८-२० पॉइंटपेक्षा लहान नको. गडद रंगांची चित्रं काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये नुसती काळी होतात, तेव्हा रेषांची चित्रं असलेल्या गोष्टी निवडा. गडद चित्राच्या गोष्टी टीव्हीवर वापरा, त्या तिथेच शोभतात.

शिवण स्टेपलरपेक्षा टिकते. घडीच्या रेषेवर तीन भोकं पाडा, एक मधोमध, दोन वर-खाली कडेपासून तीन सेंटिमीटरवर. दीड फूट जाड दोरा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूनं खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. चौथीची मुलं दुसऱ्या दिवसापासून स्वतः शिवतात. मुखपृष्ठाला जुन्या कॅलेंडरचा कागद कोरी बाजू वर करून लावा. लॅमिनेशन करू नका, पान चकाकतं आणि घडीवर तडकतं.

परवान्याचं सांगते. स्टोरीवीव्हरवरच्या बहुतेक गोष्टींवर सीसी बाय ४.० असा (क्रिएटिव्ह कॉमन्सचा मुक्त) परवाना असतो. त्याखाली छापणं, भाषांतर करणं, वाक्यं बदलणं सगळं चालतं. फक्त लेखक, चित्रकार आणि परवान्याचा उल्लेख ठेवायचा आणि तुम्ही बदल केला असेल तर तसं लिहायचं. म्हणून शेवटचं पान कागद वाचवायला गाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती मात्र वापरू नका. मराठीत चांगली चित्रपुस्तकं काढणारे प्रकाशक मोजके आहेत, त्यांचं पुस्तक विकत घेऊनच ते पुढचं काढू शकतात.

आता टीव्ही. तो लावण्याआधी स्वतः सगळ्यात मागच्या जागी बसा आणि पडद्यावरची ओळ वाचा. चष्म्याविना, दुपारच्या उजेडात. वाचता आली नाही तर मुलालाही येणार नाही. ३२ इंची टीव्हीपुढे एका वेळी १२ ते १५ मुलं बसवा. बाकीची त्या वेळात पुस्तिका वाचतील आणि मग अदलाबदल. एका बैठकीत एकच गोष्ट, जास्तीत जास्त १५ मिनिटं. शब्द रंगत जाणारी बोलती पुस्तकं असतील तर तीनदा घ्या: पहिल्यांदा ऐकायचं, दुसऱ्यांदा बरोबर म्हणायचं, तिसऱ्यांदा आवाज बंद आणि मुलांनीच वाचायचं. तिसरी फेरी सोडली तर पहिल्या दोन निव्वळ करमणूक ठरतात. गाण्यांच्या व्हिडिओत त्याच भाषेतल्या ओळी खाली येत असतील तर त्या जरूर वापरा. संशोधक ब्रिज कोठारी यांनी १९९० च्या दशकात भारतात मांडलेली ही कल्पना साधी आहे: ओठावर असलेलं गाणं डोळ्यांसमोर लिहून आलं की वाचनाचा सराव नकळत होतो.

गोष्टी आधीच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा. यूट्यूब थेट लावलं की जाहिरात येते आणि गोष्ट संपल्यावर पुढचं भलतंच सुरू होतं. एकच मोबाईल पाच मुलांत दिला की एकाच्या हातात फोन आणि चौघांच्या हाती भांडण. द्यायचाच तर दोघांना, आणि हातात एक प्रश्न देऊन: ‘चौथ्या पानावर मुलीच्या हातात काय आहे?’ नाहीतर मुलं पानं सरकवत राहतात. सरकवण्यात मजा असते, वाचायला थांबावं लागतं, आणि थांबायला कारण हवं.

स्थलांतराच्या काळासाठी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पंधरवड्यात तयारी करा. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला कापडी पिशवीत पाच पुस्तिका (दोन त्याला सहज येणाऱ्या, दोन थोड्या अवघड, एक वर्गानं केलेली), एक कोरी शिवलेली वही आणि दोन पेन्सिली. पुस्तिका हरवतील, भिजतील, फडात राहतील. म्हणूनच त्या छापील पुस्तकांपासून वेगळ्या ठेवा आणि त्यांची नोंद साध्या वहीत करा. रजिस्टरातलं पुस्तक हरवलं तर कोण भरून देणार, या भीतीनंच आपली कपाटं कुलपात राहतात. फडावर फोन दिवसभर बापाकडे असतो आणि संध्याकाळी चुलीशेजारी येतो. तेव्हा आठवड्यातून दोनदा, सातच्या सुमाराला, दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवा: तुम्ही तीच पुस्तिका वाचताय, मूल पान धरून ऐकतंय. व्हिडिओपेक्षा डेटा फार कमी लागतो आणि साध्या रिचार्जवर भागतं. मुलानं उलट निरोपात एक पान वाचून पाठवावं, एवढीच अपेक्षा ठेवा. प्रत्येक वेळी येणार नाही. आला की नावानिशी उत्तर द्या. मूल हंगामी वसतिगृहात राहणार असेल तर तीच पिशवी तिथल्या अधीक्षकांकडे द्या.

नोंदींचा बोजा वाढवू नका. रोज दोन मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे महिनाभरात सगळी होतात. लिहायचं ते तीन ओळींत: कोणतं पुस्तक स्वतःहून निवडलं, गोष्ट परत सांगताना काय गाळलं, कुठे अडलं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला ६० शब्द अर्थासह असं लक्ष्य आहे. त्याची चाचणी त्या चाचणीच्या उताऱ्यावर घ्या. गोष्टीच्या पुस्तकावर घड्याळ लावलं की मूल चित्रांकडे बघणं सोडतं आणि मग पुस्तकही सोडतं.

वेळ कुठून काढायचा ही तुमची खरी अडचण असणार. रोज ४० मिनिटं पुरतात, भाषेच्या तासातूनच: १० मिनिटं वाचून दाखवणं (चारही इयत्ता एकत्र, एक शिक्षक), १५ मिनिटं मुलांचं आपलं वाचन, १५ मिनिटं बोलणं किंवा लिहिणं. पहिल्या १० मिनिटांत दुसऱ्या शिक्षकाला पोषण आहाराच्या आणि हजेरीच्या नोंदी उरकता येतात. एखाद्या दिवशी सगळंच कोलमडलं, तर निदान वाचून दाखवणं सोडू नका, बाकीचं उद्यावर गेलं तरी चालेल.

मार्च-एप्रिलमध्ये मुलं परत येतात तेव्हा त्यांना ‘काय काय राहिलं’ याच्या यादीनं सुरुवात करू नका. पिशव्या उघडा. कोऱ्या वहीत जे असेल ते, चित्र, हिशोब, ट्रॅक्टरचे नंबर, कारखान्याचं नाव, त्यातून आठ पानांचं पुस्तक काढा आणि तांड्यावर राहिलेल्या मुलांनी ते वाचावं. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक अशी ठिकाणं त्यात येतील. ती नकाशावर लावा.